भीमथडीचा घोडा : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भीमथडी म्हणजे नेमका कोणता घोडा?

दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या घडलेला लहान चणीचा, काटक घोडा. भीमा नदीच्या काठचा म्हणून भीमथडी. दख्खनी घोडा किंवा दख्खनी तट्टू म्हणतात ते यालाच. महाराष्ट्राच्या राज्यगीतात ज्या तट्टांचा उल्लेख येतो, ती हीच. गाणं सगळ्यांना पाठ असतं, पण ते जनावर अजून जिवंत आहे आणि आपल्याच माळरानावरून धनगरांचं बिऱ्हाड वाहत फिरतंय, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हे पान त्यासाठीच लिहिलं आहे.

भीमा तर पुणे-सोलापूरकडची. मग मराठवाड्याचा काय संबंध?

संबंध जवळचा आहे. आष्टी आणि परंड्याच्या कडेनं वाहणारी सीना ही भीमेचीच उपनदी. बालाघाटाच्या डोंगररांगांवरून उतरलं की कमी पावसाचा, मुरमाड जमिनीचा, आखूड गवताचा तोच मुलूख सुरू होतो. घोड्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही, त्याला कुरण आणि पाणवठा कळतो. जुन्या काळी घोडी नदीच्या नावानं ओळखत. भीमेकाठची भीमथडी, नीरेकाठची नीरथडी, माणकाठची माणथडी. गोदाकाठाला आपण आजही गंगथडी म्हणतो आणि त्या पट्ट्यातही फौजांना लागणारी घोडी पैदा होत होती.

शिवाय इतिहास घ्या. देवगिरी, परंडा, औसा, उदगीर, कंधार हे सगळे किल्ले घोडदळाच्या वाटांवरचे. भोसल्यांचं वेरूळ इथलंच. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. मोगलांच्या अवजड फौजेला हलक्या घोडदळानं हैराण करण्याची जी पद्धत अंबरनं राबवली, तिच्यात मराठे सरदारांचं घोडदळच पुढे होतं. त्यामुळे हा घोडा ‘पुण्याकडचा’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

ही जात खरोखर प्राचीन आहे का?

याचं उत्तर जरा सावकाश द्यायला हवं, कारण ‘हजारो वर्षांची शुद्ध जात’ असं सांगणारे बरेच भेटतात.

महाराष्ट्रात घोडा फार जुना आहे, यात वाद नाही. विदर्भात माहूरझरीसारख्या ठिकाणी महापाषाणयुगीन शिळावर्तुळांच्या, म्हणजे दगडी वर्तुळांतल्या दफनांच्या उत्खननात घोड्यांचे अवशेष, लोखंडी लगामाच्या कड्या आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने मिळाले आहेत. हा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. म्हणजे धन्यासोबत घोड्यालाही पुरत, तेही दागिन्यांसह, इतका त्याचा मान होता. आपल्या अजिंठ्याला १७ क्रमांकाच्या लेण्यात सिंहल राजपुत्राची कथा रंगवली आहे, तिच्यात हत्ती-घोड्यांचं अख्खं सैन्य दिसतं. पाचव्या शतकातलं ते काम. गेलात तर घोड्यांच्या माना आणि त्यांचा साज जवळून पाहा.

पण घोडा जुना असणं वेगळं आणि आजची जात तेवढी जुनी असणं वेगळं. १४७० च्या आसपास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बहमनींच्या बीदरला गेला. त्यानं लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, इथे बैल आणि म्हशी होतात. त्याच निकितीननं आळंदच्या जत्रेचं वर्णन केलंय, तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येत. हे आळंद धाराशिवच्या सीमेपलीकडे, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. ‘पैदा होत नाहीत’ हे त्याचं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. तो व्यापारी होता, त्याच्या नजरेत राजांना हवे असलेले किमती, परदेशी घोडे भरलेले. तरी त्यातून एक गोष्ट पक्की कळते, की दख्खनच्या दरबारांना लागणारा उत्तम घोडा समुद्रावरून येत होता. चौल, दाभोळ, गोवा ही बंदरं या व्यापारावर मोठी झाली.

हे अरबी आणि इराणी घोडे पठारावर आले आणि इथल्या लहान, टणक घोड्यांत मिसळले. पुढची काही शतकं निवड केली ती दुष्काळानं, दगडानं आणि लढाईनं. जो अर्ध्या चंदीवर, म्हणजे दाण्याच्या खुराकावर टिकला, ज्याचं खूर फुटलं नाही, त्याचंच शिंगरू पुढे वाढलं. भीमथडी ही अशी तयार झालेली जात आहे. तिचा थोरपणा शुद्ध रक्तात शोधण्यात अर्थ नाही. या जमिनीनं तिला किती काळ पारखून घेतलं, ते पाहायला हवं.

मराठ्यांच्या फौजेत सगळे भीमथडीच घोडे होते का?

नाही. सरदारांच्या पागेत अरबी, इराणी, तुर्की घोडेही असत. अकबराच्या दरबारात घोड्यांची सात प्रतींत विभागणी होती. अरबी आणि इराकी सगळ्यांत वर, ताजी आणि जंगला हे देशी घोडे सगळ्यांत खाली. मराठ्यांच्या फौजेचा मोठा भाग मात्र अशा खालच्या मानल्या गेलेल्या देशी घोड्यांवरच उभा होता.

सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा घोडा घरचा असे. यात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल या दोन गोष्टी सांभाळल्या की दख्खनच्या दगडात घोडा चालतो, हे त्या व्यवस्थेनं ओळखलं होतं. १६७३ मध्ये चिपळूणकडच्या लष्कराला शिवाजी महाराजांच्या वतीनं गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यापुरतं साठवलेलं दाणागवत आताच उधळू नका, रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, मग घोडी मरतील, इतक्या बारकाईनं त्यात समजावलंय.

पालखेडच्या लढाईत या घोड्यांचं काय काम?

पालखेड आपल्या वैजापूर तालुक्यातलं. तिथे २८ फेब्रुवारी १७२८ ला पहिल्या बाजीरावांनी निजामाला अडवलं. बघण्यासारखी आहे ती त्याआधीच्या काही महिन्यांची धावपळ. जालन्याचा मुलूख, बऱ्हाणपूरची हूल, गुजरात आणि परत औरंगाबादच्या रोखानं, असं बाजीरावांचं घोडदळ फिरत राहिलं. जड तोफा नाहीत, मोठं बाजारबुणगं नाही. निजाम पुण्यापर्यंत पोचला होता, त्याला आपली राजधानी वाचवायला मागे वळावं लागलं. पाठलागाच्या घाईत त्याचा जड तोफखाना मागे पडला आणि पालखेडजवळ पाणी तुटलेल्या जागी तो कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-पैठणचा तह झाला.

या मोहिमेत घोड्याची उंची किंवा धावेचा वेग निर्णायक ठरला नाही. आज इतके कोस, उद्या तितकेच, परवा पुन्हा तितकेच, मिळेल तो चारा खाऊन चालत राहणारं जनावर हवं होतं आणि ते होतं. उदगीरला १७६० मध्ये आणि गोदाकाठच्या राक्षसभुवनला १७६३ मध्ये निजामाशीच पुन्हा गाठ पडली. मराठवाड्यातल्या या तिन्ही रणभूमी एका सहलीत बघता येतात, पण तिथे उभं राहून घोड्यांची आठवण काढणारा माणूस विरळाच.

उंची किती असते? याला घोडा म्हणायचं की तट्टू?

साधारण १२ ते १४ हात, म्हणजे १२२ ते १४२ सेंटिमीटरच्या दरम्यान, खांद्याच्या उंचवट्यावर मोजून. इथे हात म्हणजे घोड्याच्या मापाचा चार इंची हात. जागतिक रिवाजात १४.२ हातांखालच्याला पोनी धरतात, त्या हिशेबानं हे तट्टूच. त्यात कमीपणा काही नाही. इतक्या उंचीच्या घोड्यावर माणूस रिकिबीशिवायही चटकन चढतो-उतरतो आणि चढणीला जनावर दमत नाही.

ओळखायचा कसा? मारवाडी आणि काठियावाडीपेक्षा वेगळा कसा दिसतो?

आधी कान बघा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडवतात, काठियावाडीचे तर फारच. भीमथडीचे कान सरळ, आटोपशीर असतात. मग पाय. मारवाडीचे पाय लांब आणि अंग उंच. भीमथडीची नळी आखूड, हाड मजबूत, छाती भरलेली, पाठ आखूड. खूर लहान, गोल आणि दगडासारखं कठीण.

रंग बरेच आढळतात: कुमैत, सुरंग (तांबूस), सब्जा (करडा), काळा, अबलख (पांढऱ्या चट्ट्यांचा). जुन्या इंग्रजी वर्णनांत मध्यम चणीचा, बळकट, गडद तांबूस अंगाचा आणि काळ्या पायांचा असा हा घोडा येतो, म्हणजे आपला कुमैत. पण रंगावरून जात ठरवू नका. लग्नाच्या वरातीतले पांढरेशुभ्र, गुलाबी कातडीचे उंच घोडे बहुधा पंजाबकडचे नुकरा असतात, त्यांचा भीमथडीशी संबंध नाही.

‘डेक्कन हॉर्स’ ही लष्करातली पलटण या घोड्यांचीच का?

नावावरून तसं वाटतं, पण ते घोडदळाचं नाव आहे, घोड्याच्या जातीचं नव्हे. तरी मराठवाड्याशी तिचं नातं खरं आहे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी हैदराबाद कंटिंजंट फौज होती, तिच्या छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई इथे होत्या. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली आणि तिच्या रिसाल्यांना डेक्कन हॉर्स वगैरे नावं मिळाली. पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ २० व्या डेक्कन हॉर्सनं भाले घेऊन घोड्यावरून हल्ला चढवला होता. आज ती रणगाड्यांची पलटण आहे.

मग हे घोडे इतके कमी का झाले?

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि शिलेदाराचा पोशिंदाच गेला. घरची दोन घोडी घेऊन मोहिमेवर जाणारा शेतकरी-शिपाई आता ती कुणासाठी पोसणार? इंग्रजी रिसाल्याला उंच घोडा हवा होता, तो त्यांनी अरबस्तानातून आणि पुढे ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या वेलर घोड्यांतून भागवला. इथल्या घोड्यांची ‘सुधारणा’ म्हणजे त्यांची उंची वाढवणं, असं समीकरण रूढ झालं. मोठे नर लावून संकर झाला आणि मूळ काटक बांधा विरत गेला. नंतर रेल्वे आली, मोटार आली, टांगाही गेला.

देशभराचा उतार आजही थांबलेला नाही. २०१२ च्या पशुगणनेत भारतात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाख होते, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे.

आज भीमथडी कुणाकडे आहेत?

मुख्यतः भटकंती करणाऱ्या मेंढपाळ धनगरांकडे. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, हलतो तेव्हा तंबू, भांडी, जाळ्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी लेकरंसुद्धा घोड्याच्या पाठीवर असतात. दिवसाचा मुक्काम संपला की घोडा पुढचे दोन पाय बांधून चरायला सोडतात. त्याला तबेला नाही, खुराक नाही. रस्त्याच्या कडेला हे दृश्य आपण इतक्यांदा पाहतो की तिकडे लक्षच जात नाही.

माझं ठाम मत आहे की ही जात टिकली ती या लोकांमुळे. कुठल्याही संस्थानिकानं ती राखली नाही. चराऊ रानं कमी झाली, महामार्ग रुंद झाले, धनगरांची पुढची पिढी वाडा सोडून टेम्पो घेऊ लागली, की घोडा विकला जातो. जात वाचवायची तर आधी त्यांच्या चराईचा आणि वाटांचा प्रश्न सोडवायला हवा. बक्षिसांच्या स्पर्धा नंतर भरवता येतील.

सरकारनं या जातीला मान्यता दिली आहे का?

हो. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झंस्कारी यांच्यानंतरची ही आठवी. नोंद म्हणजे संरक्षण नव्हे, पण आता ‘गावठी तट्टू’ म्हणून तिला उडवून लावता येणार नाही.

माळेगावच्या जत्रेत भीमथडी मिळतो का?

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची जत्रा भरते. देवच घोड्यावर बसणारा, त्यामुळे त्याच्या जत्रेत घोड्यांचा बाजार असणं ओघानं आलंच. गाढवं, उंट, बैल, कुस्त्या, लावणी सगळं असतं. घोड्यांच्या बाजारात मिरवतात ते उंच मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबी घोडे, गर्दी त्यांच्याभोवती आणि बोली त्यांच्यावर. लहान तट्टं कडेला बांधलेली दिसतील. शोधायचं असेल तर तिकडे जा आणि मालकाला जनावर कुठल्या वाड्यातलं, त्याची आई कोणती, हे विचारा. नुसतं ‘भीमथडी आहे’ एवढ्यावर पैसे मोजू नका.

विकत घेताना काय पाहावं?

दात पाहा. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं पडतात आणि पाच वर्षांपर्यंत तोंड पूर्ण होतं. मग कडक जमिनीवर दुडकी चालवून पाहा. मऊ मातीवर लंगडेपणा लपतो. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर झटकतो. चारही खुरं उचलून दाखवायला सांगा. पाय उचलू न देणारं जनावर नवख्यानं घेऊ नये. खोगीर काढायला लावून पाठीवरच्या जखमा आणि जुने पांढरे डाग बघा. नाकातून चिकट, पिवळा स्राव किंवा पायांवर गाठी-फोड असतील तर तिथून लगेच दूर व्हा, तो ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

जनावर शक्यतो सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी बघा. एकदा पाहून सौदा करण्याची घाई बाजारात सगळे करतात, तुम्ही करू नका.

भोवरे, देवमण, पंचकल्याणी यांचं काय?

गळ्यावरचा देवमण नावाचा भोवरा शुभ, अमुक जागचा भोवरा धन्याला वाईट, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी भाग्याचा, हे सगळं आपल्याकडे मनापासून मानलं जातं आणि किंमतही त्यावर ठरते. भोवरा म्हणजे केसांची जन्मजात वळणं, तब्येतीशी त्यांचा संबंध नाही. ‘अशुभ’ भोवऱ्यापायी चांगली घोडी कवडीमोलानं जाते किंवा हाल होऊन मरते, हे थांबायला हवं. भोवऱ्यापेक्षा खूर बघा.

खायला काय द्यावं?

मुख्य अन्न गवत आणि सुका चारा. कामाच्या दिवसांत थोडी चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा. ही पद्धत किती जुनी आहे बघा, निकितीननंही लिहिलंय की इथे घोड्यांना हरभरा घालतात आणि त्यांच्यासाठी खिचडी शिजवतात.

मराठवाड्यात कडबा मुबलक, म्हणून एक धोका नीट समजून घ्या. कोवळी, पाण्याच्या ताणात वाढलेली किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेली हिरवी ज्वारी घोड्याला घालू नका. तिच्यातल्या विषानं जनावर तडकाफडकी दगावू शकतं. सतत हिरव्या ज्वारीवर राहिलेल्या घोड्यांत मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा आजारही होतो. वाळलेला, बुरशी नसलेला कडबा थोडाथोडा, गवतासोबत चालतो. दुसरी गोष्ट, गाई-म्हशींचा तयार खुराक घोड्याला देऊ नका. काही खाद्यांत मोनेन्सिन असतं. गुरांना ते चालतं, पण घोड्याला थोडंसंही मारक ठरतं.

कोणत्या आजारांची काळजी घ्यावी?

पोटशूळ सगळ्यांत आधी. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं बाहेर पडायला मार्ग नसतो. वारंवार लोळणं, पोटाकडे वळून बघणं, लीद बंद होणं, घाम सुटणं ही लक्षणं दिसली की डॉक्टरला लगेच बोलवा, घरगुती काढे पाजत बसू नका. धनुर्वाताला घोडा फार नाजूक असतो. खिळ्याची लहानशी जखमही पुरते, म्हणून लस चुकवू नका. पावसाळ्यानंतर गोमाश्यांमुळे पसरणारा सर्रा येतो, त्यात ताप येऊन-जाऊन राहतो आणि जनावर खंगत जातं. ग्लँडर्सचा संशय आला तर सरकारी पशुवैद्यकाला कळवणं बंधनकारक आहे, रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे होते. बाजारातून आणलेलं जनावर निदान तीन आठवडे घरच्या जनावरांपासून लांब बांधा.

घोडी किती दिवस गाभण असते?

सुमारे अकरा महिने. बहुधा रात्री विते, आणि शिंगरू तासा-दोन तासांत उभं राहून दूध पितं. उभं राहिलं नाही तर सकाळची वाट बघू नका.

एकच घोडा पाळला तर चालेल का?

घोडा कळपातला प्राणी आहे. एकटा बांधून ठेवला की लाकूड चावतो, डोलत राहतो, चिडका होतो. दुसरा घोडा शक्य नसेल तर शेळी किंवा गाढव सोबतीला द्या, आणि रोज काही कोस चालवा. भीमथडीला दावणीला बांधून नुसतं खाऊ घातलं तर महिन्याभरात तो लठ्ठ होतो आणि त्याचे पाय धरतात. त्याच्यासाठी जागा नसेल, चालवायला वेळ नसेल, तर घेऊ नका. एखाद्या वाड्याशी ओळख काढा, त्यांच्या घोडीच्या औषधाचा, लसीचा, नालबंदीचा खर्च उचला. मराठवाड्यात दिवाळीनंतर ज्वारी-हरभऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायला वाडे येतात, शेतकऱ्याला ते कुठे उतरलेत हे माहीत असतंच.